परदेशात जेवणाचं बिल कसं फुगतं: एका मालवणी खाणावळवाल्याचा हिशेब

आमच्या खाणावळीच्या फळ्यावर बांगडा थाळी, सुरमई थाळी, कोंबडी-वडे यांच्यापुढे आकडा असतो. पापलेट थाळीपुढे मात्र ‘साइजप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक ते वाचतं, मान डोलावतं आणि दर न विचारताच ऑर्डर देऊन मोकळं होतं. बिल हातात पडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी गल्ल्यामागून पंधरा वर्षं बघतोय. त्यात फसवणूक नसते. सकाळी लिलावात पापलेट ज्या भावाने पडलं त्यावर आमचा दर ठरतो. पण आधी विचारायला हवं होतं, हे त्यालाही कळतं आणि मलाही.

मग व्हिएतनाममध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर मी जेवायला बसलो. मेनूकार्डावर कोळंबी आणि खेकड्यांपुढे आकडा नव्हता, दोन शब्द होते. फोनने भाषांतर करून दाखवलं: ‘बाजारभावाप्रमाणे’. बायको हसायला लागली. गल्ल्यामागचा माणूस आज टेबलावर येऊन बसला होता.

१ जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते. दर्याही खवळलेला, पर्यटकही नाहीत. मालवण-देवबागकडचे आम्ही हॉटेलवाले, होमस्टेवाले फिरतो ते याच दिवसांत. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून विमान दोनेक तासांच्या अंतरावर आलंय. दरवर्षी कुणीतरी जायच्या आधी विचारायला येतो, ‘खाण्याचे किती धरू?’ तिकीट आणि हॉटेल यांचे आकडे आधी समजतात. खाण्यापिण्याचा आकडा समजतो परत आल्यावर. तो आधी काढता येतो. कसा, ते सांगतो.

घरी बसून करायचं काम

‘रोजचे माणशी दोन हजार’ असला ठोक आकडा धरू नका. तो सिंगापुरात कमी पडतो आणि हनोईत उरतो. त्याऐवजी फोनवर नकाशा उघडा, तुमचं हॉटेल शोधा आणि चालत दहा मिनिटांच्या आत असलेली तीन ठिकाणं निवडा: एक अगदी साधं, एक बऱ्यापैकी, एक फूड कोर्ट. लोकांनी टाकलेल्या फोटोंत मेनूकार्डाचे फोटो असतात. त्यांतला सगळ्यात अलीकडचा बघा, तीन वर्षं जुना भाव कामाचा नाही.

आता वहीत दिवसाचे पाच भाग पाडा: न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, चहा-कॉफी आणि पाणी. दारू पिणाऱ्यांनी सहावा भाग वेगळा लिहावा. जेवणात मिसळला की तो सापडत नाही. प्रत्येकापुढे तिथल्याच चलनात आकडा टाका, माणसांनी गुणा आणि येणाऱ्या बेरजेवर पाचवा हिस्सा चढवा. हा पाचवा हिस्सा पोरांच्या आइस्क्रीमचा, चुकून मागवलेल्या पदार्थाचा आणि पहिल्या दिवसाचा. पहिल्या दिवशी माणूस थकलेला असतो, समोर दिसेल तिथे बसतो आणि दुप्पट देतो. आमच्याकडेही रात्रभर गाडी चालवून आलेलं गिऱ्हाईक कधी दर विचारत नाही.

अंदाजासाठी मला भेटलेले भाव देतो. व्हिएतनाममध्ये गल्लीतल्या दुकानात फोचा, म्हणजे नूडल्सच्या सूपचा, वाडगा ४० ते ६० हजार डाँगला मिळतो. हजार डाँग म्हणजे आपले साधारण सव्वातीन-साडेतीन रुपये. म्हणून मी शेवटची तीन शून्यं झाकतो आणि उरलेल्याला साडेतीनने गुणतो. बँकॉकच्या फूड कोर्टात भाताची प्लेट ५० ते १०० बाह्त. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या एका छपराखाली असतात तिथे, एकाचं जेवण ४ ते ७ डॉलर. दुबईत कडक चहा एक-दोन दिरहम. चलनाचे दर रोज हलतात, त्यामुळे रुपयांतला आकडा निघायच्या आठवड्यात पुन्हा काढा.

आकड्यामागची चिन्हं वाचायला शिका

सिंगापूर आणि थायलंडमधल्या मेनूकार्डांवर किमतीच्या पुढे दोन बारीक अधिक चिन्हं असतात: ‘++’. पहिलं सेवा शुल्काचं, दुसरं कराचं. सिंगापुरात सेवा शुल्क १० टक्के. जीएसटी १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के झालाय, आणि तो सेवा शुल्कासकट रकमेवर लागतो. म्हणजे १०० डॉलरचं जेवण ११९ डॉलर ९० सेंटला पडतं. थायलंडमध्ये सेवा शुल्क तेवढंच आणि व्हॅट ७ टक्के, तिथे तेच १०० चे ११७.७० होतात.

चौघांच्या कुटुंबाचं गणित मांडू. माणशी २० डॉलरचा पदार्थ, कार्डावर बेरीज ८०, बिल ९५.९२. पाणी त्यात धरलेलं नाही. तीच चार माणसं हॉकर सेंटरमध्ये २४-२५ डॉलरमध्ये पोटभर जेवतात, कारण तिथे ही चिन्हं नाहीत. हॉकर सेंटर म्हणजे गरिबांचं खाणं असं समजू नका, ऑफिसातले साहेबही ट्रे घेऊन रांगेत उभे असतात. युनेस्कोने २०२० मध्ये या हॉकर संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलंय. जेवण झाल्यावर ट्रे आपणच उचलून ठेवायचा, २०२१ पासून ते सक्तीचं आहे. लिटल इंडियात टेक्का सेंटर आहे, तिथे डोसा आणि बिर्याणीही मिळते.

इटलीत बऱ्याच ठिकाणी ‘कोपेर्तो’ नावाची रक्कम लागते. टेबलावर बसल्याचे माणशी एक ते तीन युरो, तुम्ही एक प्लेट घ्या की पाच. मेनूच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं. तिथेच कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर एक-दीड युरो. तोच कप घेऊन चौकातल्या खुर्चीत बसलात तर तिप्पटही होतो. कॉफी दोन्हीकडे एकाच मशीनमधली.

फ्रान्समध्ये उलटा प्रकार: छापलेल्या किमतीत सेवा आधीच धरलेली असते, वेगळी टिप द्यायची गरज नाही. अमेरिकेत मात्र छापलेल्या किमतीवर आधी विक्रीकर आणि मग १८-२० टक्के टिप, आणि ती दिली नाही तर वेटर खरोखर दुखावतो, त्याचं पोट त्यावर असतं. जपानमध्ये टिप ठेवलीत तर पोरगा पैसे परत द्यायला धावत येतो. पण तिथल्या इझाकायात, म्हणजे दारू आणि चखण्याच्या अड्ड्यावर, बसल्याबसल्या एक छोटी वाटी पुढे येते. ती फुकट नसते, आपल्या बसण्याचे पैसे त्यात असतात.

न मागता टेबलावर आलेली कुठलीही वस्तू हात लावण्याआधी विचारा. सिंगापूरच्या चिनी रेस्टॉरंटमध्ये शेंगदाण्यांची वाटी आणि ओला रुमाल, दोन्ही बिलात येतात. दा नांगला मी प्लॅस्टिकच्या पिशवीतला ओला रुमाल फोडून तोंड पुसलं, पोरांनी दोन-दोन फोडले. रक्कम किरकोळ होती, पण बिलात ‘रुमाल ६’ वाचून माझ्यातला खाणावळवाला चरफडला. आम्ही लिंबू आणि कांदा कधी लावत नाही हो.

मासे: इथे सगळ्यात जास्त पैसे जातात

कोकणी माणूस परदेशात गेला तरी मासळी बघितल्यावर थांबतो आणि तिथेच अडकतो. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

पहिलं, भाव कशाचा आहे ते बघा: नगाचा, किलोचा की १०० ग्रॅमचा? इटलीत मासा ‘एत्तो’वर विकतात, एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. कार्डावर ७ लिहिलेलं दिसतं आणि वाटतं, सात युरोत मासा, स्वस्तच आहे. पण अख्खा मासा ताटात येतो तेव्हा तो ९०० ग्रॅमचा असतो आणि ६३ युरोंचा. थायलंडमधल्या समुद्राकाठच्या हॉटेलांतही १०० ग्रॅमचा भाव लावलेला दिसतो.

दुसरं, मासा स्वतः निवडा आणि डोळ्यांसमोर वजन करून घ्या. काट्यावर टोपली असेल तर ती रिकामी ठेवून शून्य झालंय का बघा. पाण्यातून काढलेली कोळंबी आधी निथळू द्या. व्हिएतनाममध्ये खेकड्याच्या नांग्या जाड दोरीने बांधलेल्या असतात, आणि ती दोरी भिजलेली असते. खेकड्याच्या भावाने दोरी विकत घ्यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या कोळणीकडून कुर्ल्या घेताना जी नजर ठेवता तीच ठेवा.

तिसरं, करून देण्याचे किती? फुकेतला रवाईच्या मासळी बाजारात एका बाजूच्या टपऱ्यांवर मासे घ्यायचे आणि समोरच्या हॉटेलात नेऊन द्यायचे, ते किलोमागे ठरलेले पैसे घेऊन रांधून देतात. पद्धत चांगली आहे, मला आवडली. पण भात वेगळा, सॉस वेगळा, पाणी वेगळं. शिवाय एकाच माशाचे दोन प्रकार मागितलेत, अर्धा तळून आणि अर्धा वाफवून, तर करणावळ दोनदा लागते.

चौथं, वजन गुणिले भाव अधिक करणावळ हा शेवटचा आकडा फोनच्या कॅल्क्युलेटरवर टाकून दुकानदाराला दाखवा. त्याने मान हलवली की त्या आकड्याचा फोटो काढा. भाषेची अडचण इथे येतच नाही, आकडे सगळ्यांना कळतात. मी दा नांगला हेच केलं. खेकडे न घेता कोळंबी आणि शिंपल्या घेतल्या. चौघांचं जेवण, दोघांची बिअर, आणि बिल मी आधी काढलेल्या आकड्यापेक्षा रुमालांपुरतंच जास्त.

आणि एक खाजगीतलं. परदेशात पापलेट-सुरमई शोधत बसू नका. तिथला बांगडा कोणता, म्हणजे तिथली गरीब माणसं रोज काय खातात, ते विचारा. ताजंही तेच असतं आणि स्वस्तही तेच. आमच्याकडे येणाऱ्यांनाही मी हेच सांगतो, ऐकतं कोण?

पाणी आणि बाकीची पेयं

युरोपात दोन युरोची बाटली, चौघांच्या दिवसाला आठ बाटल्या, दहा दिवस. झाले १६० युरो. तेवढ्यात एक दिवस सगळ्यांचं जेवण निघतं.

घरून प्रत्येकाची एक रिकामी बाटली घ्या. विमानतळावरच्या तपासणीत रिकामी बाटली चालते, पलीकडे गेल्यावर भरून घ्यायची. सिंगापूर, जपान आणि पश्चिम युरोपात नळाचं पाणी बिनधास्त प्या. रोममध्ये रस्त्यांवर ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ आहेत, नावाचा अर्थ मोठी नाकं. त्यांतून दिवसरात्र थंड पाणी वाहत असतं. झुरिचमध्ये असे बाराशेच्या वर कारंजे आहेत. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये मात्र बाटलीचंच पाणी घ्या, पण हॉटेलच्या फ्रिजमधलं नको. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मोठा कॅन आणा आणि लहान बाटल्या भरा.

रेस्टॉरंटमध्ये फ्रान्सला ‘काराफ दो’ म्हणा, जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई फुकट येते. नुसतं ‘पाणी’ म्हणालात तर विकतची बाटली येते. इंग्लंडात दारूचा परवाना असलेल्या हॉटेलाला मागितल्यावर साधं पाणी फुकट द्यावंच लागतं. जर्मनीत ही पद्धत नाही, तिथे पाणी कधीकधी बिअरच्या भावात बसतं. जर्मनीतच दुकानातल्या पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. बाटल्या चुरगाळू नका, टाकू नका. सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातल्या की चिठ्ठी मिळते आणि पैसे परत. माझ्या पोराने हा धंदाच केला होता.

दारूचं थोडक्यात. हनोईत फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलांवर बसून ‘बिया होई’ मिळते, रोज ताजी येणारी हलकी बिअर, आणि ती आपल्याकडच्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त. सिंगापुरात कर जबर असल्याने बिअर जेवणापेक्षा महाग पडते. दुकानातून विकत घ्यायची तर रात्री साडेदहाच्या आत, त्यानंतर सकाळी सातपर्यंत विक्री बंद. दुबईत रेस्टॉरंटमध्ये प्यायची तर परवाना असलेल्या जागीच, आणि त्या जागा मुख्यतः मोठ्या हॉटेलांतल्या. तिथे मी चहाच पितो.

मोठं जेवण दुपारी

आपल्याकडे थाळी दुपारची आणि रात्रीची एकाच भावाची. युरोपात तसं नाही. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ मिळतो: दोन पदार्थ, पाव, गोड आणि बहुतेकदा पेयही, सगळं एका ठरलेल्या किमतीत. फ्रान्समध्ये दुपारी ‘प्ला द्यु जूर’, म्हणजे आजचा पदार्थ. त्याच टेबलावर रात्री बसलात तर कार्ड वेगळं आणि भावही वेगळा. म्हणून पोटभर जेवण दुपारी करा. रात्री सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळं, सॅलड आणा. स्वित्झर्लंडमध्ये तर याला पर्याय नाही, तिथली साधी प्लेट बघून आमच्याकडच्या दोन दिवसांच्या गल्ल्याची आठवण येते. कूप आणि मिग्रो या साखळी दुकानांची स्वतःची सेल्फ सर्व्हिस रेस्टॉरंटं असतात, त्यातल्या त्यात तीच परवडतात. जपानमध्ये मोठ्या स्टोअरच्या तळघरातल्या खाद्यविभागात संध्याकाळी बंद व्हायच्या आधी डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात. सात वाजले की तिकडे वळा.

हॉटेल बुक करताना न्याहारीसह आणि न्याहारीशिवाय असे दोन्ही दर बघा. फरकाला माणसांनी भागा आणि बाहेरच्या न्याहारीशी ताडून बघा. व्हिएतनाममध्ये बाहेरची न्याहारी स्वस्त पडते, युरोपात बहुतेकदा हॉटेलची. पोरं वाढीची असतील तर डोळे मिटून हॉटेलची.

वार आणि उपास पाळणाऱ्यांसाठी

आमच्या घरात सोमवार आणि संकष्टीला निस्त्याक, म्हणजे मासळी, नसतं. ‘परदेशात कसं होणार’ म्हणून लोक रोज भारतीय हॉटेल शोधतात आणि डाळ-भाताला स्थानिक जेवणाच्या दुप्पट-तिप्पट देतात. दुबईतला करामा आणि बर दुबई हे भाग सोडा, तिथे आपलं जेवण खरोखर स्वस्त आहे. बाकी ठिकाणी स्थानिक शाकाहार शोधा. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेल्या पाटीखाली पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक मांस-मासे खात नाहीत, आपल्या पुनवे-अवसेसारखंच. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल ‘जे’ अक्षर शोधा. साध्या हॉटेलातल्या ‘भाजी’वर विसंबू नका, दोन्ही देशांत भाजीत माशाचं पाणी सर्रास घालतात.

घरून काय न्यायचं, काय नाही

दडपे पोहे करता येतील इतके पातळ पोहे, मेतकूट, चटणी, खाकरे न्या. दोन न्याहाऱ्या आणि एक उशिराची रात्र निभते. पण तीन गोष्टी आपल्या लोकांच्या बॅगेत हमखास असतात आणि हमखास अडकतात.

मालवणी मसाल्यात खसखस असते. आखाती देशांत आणि सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. घरचा मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या, आणि तेही जमत नसेल तर नेऊच नका. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. कोकमाचं आगळ हातातल्या बॅगेत घातलं तर १०० मिलीलीटरच्या नियमाखाली कचऱ्यात जातं. मोठ्या बॅगेत नीट सील करून ठेवा, नाहीतर कपडे रंगतील. त्याऐवजी वाळलेली आमसुलं न्यावी. युरोपात जाणाऱ्यांनी तूप, पेढे, मांसाचा कुठलाही पदार्थ घेऊ नये, बाहेरून असे पदार्थ आणायला तिथे मनाई आहे. आणि सुकट-बोंबील? नियम जाऊ दे, सहप्रवाशांचा विचार करा.

पैसे देताना

कार्ड लावल्यावर मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात? रुपये दिसले की बरं वाटतं, आपल्याच गावातला माणूस भेटल्यासारखं. मी पहिल्या खेपेला रुपये दाबले. रात्री हिशेब केला तेव्हा दर चांगलाच चढा निघाला, कारण तो दर त्या मशीनवाल्याने ठरवलेला असतो. नेहमी स्थानिक चलन दाबा.

साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा लागू शकतं आणि त्या जादा रकमेवर जीएसटीही. बँकेला आधी विचारा. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की दर खेपेला २२० बाह्तच्या आसपास कापतात. रोज थोडे-थोडे काढणाऱ्याचे आठवड्यात पंधरा प्लेट भात त्यात जातात. लहान दुकानं रोखीचीच असतात आणि स्वस्त खाणं तिथेच असतं, म्हणून दोन-तीन दिवसांची रोकड एकदम काढा. बँकॉकच्या काही फूड कोर्टांत आधी पैसे भरून कार्ड घ्यावं लागतं. उरलेले पैसे परत मिळतात, पण ते निघतानाच काउंटरवर मागा.

रोज रात्री झोपण्याआधी पाच ओळी लिहा, घरी काढलेल्या पाच भागांच्याच. तिसऱ्या दिवशी कळतं कुठला भाग पळतोय. आमचा बहुतेकदा चहाचा.

शेवटच्या दिवशी पाकिटात नाणी उरतात. चलन बदलणारे नाणी घेत नाहीत, आणि विमानतळावरचं सँडविच गावातल्या जेवणाच्या भावाचं असतं. म्हणून हॉटेल सोडताना ती सगळी नाणी कोपऱ्यावरच्या दुकानात ओता. बिस्किटं, केळी, उकडलेली अंडी, जे येईल ते घ्या आणि तपासणीच्या रांगेत उभं राहण्याआधी प्यायची ती पाण्याची बाटलीही.